किहेईचं ताट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले गावप्रमुख नारूमीसाहेब, विहाराचे आचार्य एकाईजी, जिल्ह्याहून मुद्दाम आलेले पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती मोनमा फौजदार, आणि शिराओच्या किनाऱ्यावरच्या माझ्या सगळ्या माणसांनो,

बाईमाणसानं अशा सभेत उभं राहून बोलायची आपल्याकडे रीत नाही. पण फौजदारांना गावात सगळ्यात जास्त त्रास कुणी दिला, असं अध्यक्षांनी विचारलं आणि सगळ्यांची बोटं या तोसे म्हातारीकडे वळली. तेव्हा आजचा मान मी कष्टानं कमावलेला आहे.

फौजदार इथं आले तेव्हा त्यांची मिशीसुद्धा नवी होती. घरचा माणूस परगावी गेला की आपण रोज त्याचं ताट वाढतो, रश्शाच्या वाटीवर झाकण ठेवतो, आणि झाकणाला आतून पाणी सुटलं की तो सुखरूप आहे असं समजतो. हे ऐकून ते पोट धरून हसले होते. म्हणाले, गरम रश्शावर झाकण ठेवलं की पाणी सुटणारच, त्यात देवाचं काय? बरोबरच होतं. रोज सुटायचं, म्हणून तर आम्हाला झोप लागायची.

मग ती सकाळ आली. आपली नाव सात जणांना घेऊन हेरिंग माशांच्या हंगामाला उत्तरेला गेली होती. त्या सकाळी सहा घरांची झाकणं कोरडी निघाली. रस्सा उकळता, वाफ डोळ्यांत जाणारी, आणि झाकण उन्हात वाळवल्यासारखं. फौजदार हसतच आले. त्या सहांतल्या एका घरी, माझ्या शेजारच्या सायोच्या चुलीवर त्यांनी स्वतः पाणी उकळलं, वाटीत ओतलं, झाकलं, उघडलं. कोरडं. मग बराच वेळ ते चुलीपाशीच बसून राहिले. नाव बुडाल्याची खबर त्यानंतर आली.

सातवं झाकण माझ्या लेकाचं, किहेईचं. ते ओलं होतं. मला आनंद झाला, का खोटं बोलू? शेजारी रडारड चाललेली आणि मी झाकणाचं पाणी डोळ्यांना लावत होते. सायो माझ्या दारात आली. ती इथं पुढेच बसली आहे. म्हणाली, "काकू, तुमचं झाकण एकदा आमच्या वाटीवर ठेवून बघू द्या." मी दिलं. तिनं ते परत आणलं तेव्हा कोरडं होतं. त्या दिवसापासून आम्ही दोघी एकाच विहिरीवर पाणी भरतो, पण बोलणं नाही.

सुकाणू किहेईच्या हातात होतं, हे गावाला ठाऊक आहे. तो जिवंत, मग घरी का येत नाही? फौजदार स्वतःची रजा टाकून सामुद्रधुनीपलीकडे हाकोदातेला त्याला शोधायला गेले. परत आले ते थेट माझ्याकडे. म्हणाले, नाही सापडला. मी चहा ठेवला. किहेईच्या ताटात त्याच्या आवडीचा भाजलेला मासा होता. फौजदार त्याच्याकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "काकू, मासा नका वाढू आता."

आता मला सांगा, तो सापडलाच नाही, तर तो मासा खात नाही हे साहेबांना कुणी सांगितलं? डोळ्यांदेखत सहा सोबती पाण्यात गेले, त्या माणसाच्या घशाखाली मासा कसा उतरेल? आणि आमच्या गल्लीत त्या सहा दारांवरून चालत तो आईकडे कसा येईल? मी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मुळा आणि टोफू वाढायला लागले. तो कधीच येणार नाही, हे तेव्हाच कळलं. तरी सकाळी झाकण उचललं की बरं वाटायचं.

साहेब, माझ्या छपरावरचा बर्फ तुम्ही दर हिवाळ्यात ढकललात. माझं ताट रिकामं होतं तेव्हा तांदूळ पाठवलेत आणि ते दुसऱ्याच कुणाचे म्हणून सांगितलंत. या सगळ्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. निरोपाच्या दिवशी आणखी मागणं शोभत नाही, पण मागते.

आज सकाळी झाकण कोरडं निघालं. रस्सा पुन्हा उकळला, पुन्हा झाकला. शेवटी सायोला हाक मारली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिनं झाकणावरून आतून बोट फिरवलं आणि माझ्याजवळ बसली.

मी जिवंत आहे तोवर आईला सांगू नका, असं किहेईनं तुम्हाला वचनात बांधलं असणार. तुम्ही ते पाळलंत. आज ते सुटलं. तुमची गाडी विहाराच्या पायऱ्यांशी उभी आहे, ती घडीभर थांबेल. तो कुठं राहत होता, एवढंच सांगा. हात कुठल्या दिशेला जोडायचे, ते मला कळू दे.

अध्यक्षांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, आभारी आहे. आजच्या दिवशी बोलू नये ते बोलले असेन, तर म्हातारीचं म्हणून पोटात घाला.

मी खाली बसते. साहेब, आता तुम्ही उठा.