कप्प्यावरचा झेंडा

हॅलो?… हाव, बोल अपे… नाई नाई, कामात नाई. जेवणाची सुट्टी आहे, डब्बा खाऊन राहिली… आलू-वांगं. तू जेवली?… दीड वाजून गेला अन् जेवली नाई?… बरं, बोल.

कोनती शाळा?… आपली? आपलीच, चर्चच्या मागची?… अजून चालू आहे काय ते? मले वाटलं कधीची बंद पडली… हं… हं… थांब, सावकाश सांग. प्रणालीले टाकाचं म्हनते तू तिथी?… उद्या दहा वाजता सही?… उद्या? मंग मले आज काहून सांगून राहिली? आठ दिवस आधी फोन कराचा ना.

हं… तिच्या आताच्या शाळेत किती पोट्टे वर्गात, साठ?… अन् सर असं म्हनले? "हिचं डोकंच चालत नाई"… पोरीसमोर?… बाप्पा. तिसरीतल्या लेकराले… मंग तिनं काय केलं?… घरी येऊन दप्तर पलंगाखाली ढकललं… अन् पुन्हा काढलंच नाई… हं. तुह्यावर गेली.

गजेंद्र काय म्हनते?… "तू तिथी शिकली, तुले समजते, तूच ठरव"… हे बरं आहे त्याचं. नांदगाव पेठेच्या कंपनीतून घरी आला, चहा घेतला, अन् "तूच ठरव".

मी काय सांगू आता?… अवं ऐक तं… नाई, टाळून नाई राहिली… एक मिनिट हं. बुधाजी, तो ट्रे राहू द्या, मी येऊन मोजतो… आमचे बुधाजी, लॅबमधले. सोयाबीनचं बियाणं उगवाले ठेवलं आहे, आज मोजाचं आहे.

आता हेच पाह्य ना. आमी शंभर बिया ओल्या कागदात गुंडाळून ठेवतो. कोनी तिसऱ्या दिवशी मोड काढते, कोनी सातव्या. सातव्या दिवशी आलेलं बी आमी उगवलेलंच धरतो. त्याले कोनी ढ म्हनत नाई… हाव, तेच म्हनतो मी. आपली शाळा तशी होती. मी हिवरखेडहून अमरावतीले आली तवा इंग्रजीत माहं नाव लिहिता येत नव्हतं. पाचवीची पोरगी अन् मले पहिलीचं पातळ पुस्तक दिलं… कोनी हसलं नाई. हसन कोन? सगळ्याइचं तोंड भिंतीकडं.

आठवते काय तुले ते प्लायवूडच्या फळ्या?… हाव, प्रत्येकाले एक कप्पा. समोर भिंत, दोन्हीकडं फळी. तुह्या-माह्या फळीले खाली भोक होतं… चिंचा… चिंचोकेही तूच वापस ढकलत होती माह्याकडं, कचरा माह्या कप्प्यात सापडावा म्हनून. मले माहीत आहे.

नाई, चांगलं होतंच ते. खोटं काहून बोलू? एक पुस्तक झालं की दुसरं. कोनासाठी थांबणं नाई, कोनाच्या मागं पळणं नाई. अनीसानं पाह्य, तीन वर्षांचं दोन वर्षांत संपवलं. ते तं आताही म्हनते, आपल्यासारखी शाळा होणे नाई… हाव, ग्रुपवर. मोठं लांबलचक लिहिलं होतं तिनं… अन् आपलं आपन तपासाचं. ते मले लय आवडे. मधल्या टेबलावर उत्तराची पुस्तकं, तिथी फक्त लाल पेन न्याचा, पेन्सिल जाग्यावर ठेवून. आपली चूक आपनच पाहाची. मी आताही लॅबमधे माही बेरीज आधी मीच लाल पेनानं तपासतो. साहेब हसते.

बायबलचे वचन?… हाव, सारे पाठ आहेत. घरी गजानन महाराजांचा फोटो, पन दवाखान्यात आईचं ऑपरेशन चालू होतं तवा माह्या तोंडात काय आलं? तेच, पुस्तकाच्या शेवटी असे ते. लोकं म्हनते धर्म शिकवला. असन शिकवला. बाबांनी आधीच सांगितलं होतं मले, चांगलं आहे ते घे, उरलेलं ठेव. मी घेतलं.

मंग टाक म्हनतो काय?… तेच तं सांगून राहिली, ऐक ना… नाई, मधे नको बोलू… बरं, बोल.

हं… हं… ते आहेच. मी सांगतो तुले माहं. अकरावीले अमरावतीच्याच कॉलेजात गेली ना, तवा पहिल्याच आठवड्यात सरनं मले उभं केलं. म्हने, तुले काय वाटते?… काई कठीण नव्हतं. पावसाचं काईतरी होतं. पन मले वाटते काय, हे कोनी विचारलंच नव्हतं अपे, सहा वर्षात. रिकामी जागा असे, तिथी एक शब्द बसे, तो मागच्या पानावर असे. मी उभी राहून वहीत रिकामी जागा शोधून राहिली होती. साठ पोट्टे पाहत होते. मले तं मागं वळून पाहाचीही सवय नव्हती… हसू नको. रात्रभर रडली मी… "काहून" असं विचाराले मले वयाची पंचविशी लागली. आता घरी इतकं विचारतो की नवरा म्हनते, बस कर.

म्हनून मी हाव म्हनत नाई अन् नाईही म्हनत नाई. समजलं?… मॅडम कोन आहे आता?… सुभद्रा मॅडमच? अजून?… केस पांढरे झाले असन… वाईट नव्हत्या अवं त्या. चाळीस पोट्टे अन् एकटी बाई.

अपे, एक गोष्ट बोलू काय?… नाई, शाळेचीच. सातवीतली… तुले माहीत आहे कोनती… हाव. अपूर्णांकाची.

तुनं झेंडा वर केला होता. लाल. अडलं की लाल, तपासाले जाचं असन तं निळा. झेंडा लावाचा अन् गप बसाचं, उठाचं नाई, बोलाचं नाई, मॅडम येतपर्यंत… पहिल्या तासाले केला तू वर. मॅडम त्या दिवशी लहान पोट्ट्याइच्या खोलीत होत्या, तिथी कोनाले तरी उलटी झाली होती. जेवणाच्या घंटीपर्यंत झेंडा वरच होता… हाव, मले माहीत आहे. दुसऱ्या दिवशीही तसंच. मंग तिसऱ्या दिवशी तू तपासणीच्या टेबलावरून उत्तरं तळहातावर लिहून आणली. लाल पेनानं. लाल पेनानं लिहिलं म्हनून तं सापडली… तीन पुस्तकं पुन्हा कराले लावले, तुह्या बाबाले बोलावलं. चर्चमधे पेटी वाजवणारा माणूस, त्या रविवारी पेटीवर बसलाच नाई… ऐक ना. मले बोलू दे.

मले दिसत होता तुहा झेंडा… फळीच्या वरून. तिन्ही दिवस. अन् मले ते गणित येत होतं, अपे. माहं ते पुस्तक आदल्या महिन्यात झालं होतं. भोकातून एक चिठ्ठी टाकली असती तरी झालं असतं. चिंचा टाकत होती ना मी? पन माह्या नावापुढं महिनाभर नियम मोडल्याची एकही खूण लागली नव्हती, मले चांदणी भेटणार होती… चांदणीसाठी. कागदाची, चिकटवाची.

…काय?

…तुले माहीत होतं?

कसं काय?… माही पेन्सिल थांबली होती… ऐकू आलं तुले… तिन्ही दिवस?

बावीस वर्ष झाले अपे. तू माह्या लग्नात आठ दिवस राहिली. माह्या पोराचं बारसं केलं. एकदाही बोलली नाई… "तूही लहानच होती"… हे काय बोलणं झालं?… नाई, रडून नाई राहिली. आलू-वांग्यात तिखट जास्त झालं आहे.

तुनं दहावीच्या आधी शाळा सोडली, त्यात माहा वाटा आहे. असं नको म्हनू… आहे. अन् तुह्या सासरी तुले "ढ" म्हनते ना, तवा मी समोर बसून चहा पितो. तू ढ नव्हती. तू तीन दिवस वाट पाहिली, बस.

बरं… बरं. मंग प्रणालीचं. एक कर उद्या. सही कराच्या आधी मॅडमले एकच गोष्ट विचार. फी नको विचारू, निकाल नको विचारू. विचार, लेकरानं झेंडा वर केला तं किती वेळात कोनी येते?… अन् हॉलमधे जाऊन पाह्य, किती झेंडे वर आहेत. घड्याळ लावून पाह्य… पाच मिनिटांत कोनी आलं तं टाक पोरीले. डोळे मिटून टाक, सातव्या दिवशी उगवन ते, पन उगवन. नाई आलं कोनी, तं तिचा हात धरून वापस ये. मंग दुसरं काई पाहू… अन् तिलेही विचार ना, तुले काय वाटते म्हनून.

हाव… हाव… विचारशील ना?… बरं. चाल ठेवू मंग? मोजाचं राहिलं आहे माहं… हाव, ठेव…

…

अपे?… ठेवला नाई काय?… मले वाटलं ठेवला… काई नाई म्हनते अन् फोन धरून बसली… बरं. ठेव.

…

अवं काय झालं?

उद्या कोन आहे तुह्या संग?… गजेंद्रची सकाळची पाळी… हं. म्हंजे तू अन् प्रणाली. त्याच हॉलमधे. त्याच मॅडमसमोर…

दीड वाजता केला तू फोन. माही जेवणाची सुट्टी कधी असते ते तुले पाठ आहे. स्वतः जेवली नाई… शाळेचं विचाराले नव्हताच केला तू, होय ना?… मंग काहून केला?… असाच?

नाई. मी नाई म्हनणार. मले समजलं आहे, पन मी नाई म्हनणार. तू म्हन… झेंड्यानं नको, तोंडानं म्हन… मी कुठी जाऊन राहिली? इथीच आहे. बुधाजी बसले आहेत ट्रे घेऊन, बसू दे त्याइले.

…

…हं. आहे मी.

…

पुन्हा एकदा म्हन. ऐकू आलं, तरी म्हन.

…हाव. आली.

सकाळी सहाची एसटी पकडतो, साडेआठ-नऊले राजापेठले उतरतो. तिथूनच ऑटो करून तुह्या घरी… नको, घ्याले नको येऊ. पोरीले तयार ठेव. दप्तर काढ पलंगाखालून… आता काहून रडून राहिली? जे झालं ते झालं… जेव आधी. हाव. ठेव.

…बुधाजी, आना तो ट्रे. अन् उद्याचे तुमीच मोजा, मी नाई उद्या… सुट्टीचा अर्ज संध्याकाळी देतो… नाई, आजारी कोनी नाई. अमरावतीले बोलावलं मले.