योहानाच्या घरी

— आणि मग तू एकदम गप्प! बघितलं ना मी. काल जेवताना काय तावातावाने बोलत होतीस, येशूला भाऊ होते म्हणून याकोब, योसे, शिमोन, यहूदा अशी चारही नावं घडाघडा म्हणून दाखवलीस, आणि मी एकच प्रश्न टाकला तर ताटात मान घालून बसलीस. हं, ते टोक धर. तसं नाही, शिवण आत घे — हॉस्पिटलच्या धोबीखान्यात जन्म गेलाय माझा, चादरीची घडी मला नको शिकवूस. ताण. जोरात ताण, मी काही मोडत नाही. प्रॉटेस्टंटांना बायबल पाठ आणि कॅथलिकांना गुडघेदुखी, असं माझा थोरला म्हणायचा. तुझ्या नवऱ्याला चिडवायला म्हणायचा, आणि मग दोघं खो खो हसायचे.

आता आमचं म्हणणं साधं आहे बाई. मरियामाता कुमारी होती — येशूच्या आधी, आणि नंतरही, अगदी शेवटपर्यंत. दुसरं मूल नाही. तुम्ही म्हणता, येशू झाल्यावर तिने चारचौघींसारखा संसार केला, तिला आणखी मुलं झाली. का? तर भाऊ लिहिलंय. लिहिलं असेल! तुझा नवरा माझ्या थोरल्याला भाऊच म्हणायचा ना? मग काय एका पोटचे होते? एका कारखान्यात एका मशीनवर पाळ्या करायचे, तेवढंच. पण ते सोड, माझा प्रश्न तो नव्हताच. माझा प्रश्न असा, की येशू क्रुसावर आहे, जीव जायला आलाय, खाली आई उभी आहे — आणि तो तिला कुणाच्या हवाली करतो? योहानाच्या. शिष्याच्या. परक्याच्या! ही तुझी आई, म्हणतो. आणि योहान तिला आपल्या घरी नेतो. आता घरात चार धडधाकट मुलगे असते तर कुणी आईला परक्याच्या हवाली करेल का? बिनतोड आहे की नाही? मी लहान असल्यापासून चर्चमध्ये हेच ऐकत आलेय. आणि मी हे विचारलं, तर तू माझ्याकडे बघितलंस. मग नवऱ्याकडे. मग पाणी प्यायलीस.

उत्तर होतं तुझ्याकडे. माहितेय मला. ओठांपर्यंत आलं होतं, ते गिळलंस तू — अगं, टोक सुटलं बघ, धर नीट.

थोरल्याने शेवटच्या घटकेला हॉस्पिटलात तुझ्या नवऱ्याचा हात धरला, म्हणाला, आईला बघ. मी उशाशीच होते की, मला काय बहिरी समजत होता? आणि मधला, तिसरा, धाकटा — तिघेही बाहेरच्या बाकावर. दार उघडंच होतं. मला वाटलं, पोर गुंगीत बोलतंय. तीन सख्खे भाऊ हाकेवर बसलेत आणि हा मित्राला सांगतोय! गुंगीत नव्हता. आपल्या भावांना तो माझ्यापेक्षा जास्त ओळखत होता.

नाही गं, रडतेय कुठे, साबणाचा वास झोंबतो. तो गेल्यापासून ठेवून घेतलंत मला, तुमचं काही चुकलं नाही. दोन खोल्या, त्यात आता पाळणा येणार, मी मावणार कुठे? म्हणून तर तुझ्या नवऱ्याने मधल्याला फोन केला. तू मला येऊन सांगितलंस, त्यांच्याकडे रंगकाम चाललंय, झालं की न्यायला येतील. तुला खोटं बोलता येत नाही पोरी, कान लाल होतात तुझे. मी गॅलरीत कपडे काढत होते. फोन मोठ्या आवाजावर होता. मधला म्हणाला — दादाने तुमच्या हवाली केली ना तिला? मग आम्हाला कशाला विचारता? तिसऱ्याने बायकोकडे फोन दिला. धाकट्याने उचललाच नाही.

तेच उत्तर होतं ना तुझं? की मुलगे असतात, चांगले हट्टेकट्टे असतात, आणि तरी आई परक्याच्या घरी जाते. माझ्या तोंडावर कसं बोलणार, म्हणून पाणी प्यायलीस. मोठ्या मनाची आहेस. आमचं एवढं बिनतोड म्हणणं मोडून पडलं, आणि मोडलं कुणी? तुझ्या बायबलाने नाही. मी. मीच बसले होते ना तुझ्यासमोर, पुरावा होऊन! आणि वर ऐटीत विचारत होते, सांग, सांग म्हणून.

असतीलही गं मरियामातेला आणखी चार. त्या दिवशी कामावर गेले असतील, नाहीतर तेही बाहेर कुठे बाकावर बसले असतील. पण मी नाही म्हणणार तसं. मरेपर्यंत नाही म्हणणार. निदान तिला तरी हे नको.

सकाळी दवाखान्यात जाते म्हणून सांगितलं ना, तिथे नव्हते गेले मी. फादरांकडे गेले होते. चर्चच्या सिस्टर लोकांच्या वृद्धाश्रमात एक खाट रिकामी झालीये — तिथली खाट कशी रिकामी होते ते विचारू नकोस. पण ज्यांचं कुणी नाही त्यांनाच घेतात. फादर नवीन आहेत, माझं घरदार त्यांना ठाऊक नाही. म्हणाले, आजी, मुलं किती? मी म्हटलं, एकच होता. गेला. — अशी बघू नकोस माझ्याकडे. तोंडातून इतकं सहज निघालं की माझं मलाच कसंतरी झालं. आता हे पाप कबूल करायला जायचं तर पुन्हा त्याच फादरांपुढे. कबूल केलं तर आधी खरं सांगून ये म्हणतील, म्हणजे खाट जाते; नाही केलं तर कम्युनियनला, तो पवित्र प्रसाद घ्यायला, उभं राहायचं तोंड नाही. मग नाही उभी राहणार. मागच्या बाकावर बसेन, बाकीच्या जातील पुढे. त्या माउलीला कळेल, नाही तर नाही कळणार.

आश्रमातल्या सिस्टर तुझ्या नवऱ्याकडे चौकशीला येतील. त्याला सांगून ठेव, एकच मुलगा होता म्हणायचं. तू मात्र आत जाऊन बस तेव्हा, तुला जमायचं नाही.

नको, आता काही बोलू नकोस. दे ती चादर, मी ठेवते. जा, पड जरा. आणि जाताना दार ओढून घे.