खोट्या नवऱ्याची बायको

— नाही नाही, आधी ते डोळे पुसा बघू — अहो, रडायचं काम माझं, तुमचं नाही! मी परीक्षेपुरतं मेलेल्याच्या बायकोचं सोंग घेणारी, तुम्ही अपघात विभागातल्या शिकाऊ डॉक्टर — परीक्षा तुमची, रडायचा पगार मला — आणि इथे तुम्हीच हुंदके द्यायला लागलात तर मी काय करू, पेशंट तपासू? आणि हात किती घट्ट धरला होतात माझा, बोटं अजून झिणझिणतायत.

परीक्षकबाई चहाला गेल्यात तोवर सांगते, कुठे बोलू नका. काय चुकलं? सगळंच! आलात त्या उभ्याच — अहो, खुर्ची ओढून बसायचं असतं. मग ‘बातमी वाईट आहे’ अशी कल्पना द्यायची, जरा थांबायचं, मग सरळ ‘मृत्यू’ म्हणायचं. तुम्ही काय म्हणालात? ‘ते गेले हो!’ आता ‘गेले’ म्हटलं की मी ‘कुठे गेले?’ असं विचारायचं, हे मला शिकवूनच ठेवलंय — तर तुम्ही भोकाडच पसरलंत! मोटरसायकलवरून पडलेला माझा तो खोटा नवरा, सकाळपासून कितीदा मेला असेल बिचारा, पण त्याच्यासाठी कुणी डॉक्टर रडला नव्हता हो.

नापास झालात तर सहा महिने पुन्हा, ठाऊक आहे मला. पण मी उगीच गुण वाटत नाही. मागे एक मुलगा होता — माझ्याच हाताखालून पास झालेला, पैकीच्या पैकी! काय सांगायचा, वा! खुद्द मला सांगितलंय ना त्यानं — नाही, परीक्षेत नाही. खाली. खऱ्या विभागात. आमचे हे जेवता जेवता ताटावरच कलंडले, तेव्हा. आला, खुर्ची ओढली, फोन बंद केला, कल्पना दिली, थांबला — आणि मी काय करत होते? मनातल्या मनात गुण देत होते! खुर्चीचे दिले, थांबण्याचे दिले… तो ‘मृत्यू’ म्हणाला, आणि मी म्हटलं, ‘छान सांगितलंत.’ खुलला हो तो! ‘थँक यू, मॅडम’ म्हणाला. मग ही परीक्षा नव्हे हे आठवून खुर्चीतून ताडकन उठलाच तो.

हसा, हसा — मीही हसते. लेक म्हणते, आई, तू दगडाची आहेस. अगं, दिवसभर धाय मोकलून रडते मी, त्या मोटरसायकलवाल्यासाठी! घरच्या माणसासाठी मात्र टिपूस नाही, वर्ष होत आलं. जीव लावून संसार केला हो आम्ही, भांडत-बिंडत का होईना. पण ती बातमी परीक्षेतच राहिली, माझ्यापर्यंत आलीच नाही. असं कुठं होतं का, म्हणाल. झालंय खरं.

नापास तर मी तुम्हाला करणारच, त्यात दयामाया नाही — रोज अशा रडत बसलात तर पुढच्या पेशंटला कोण बघणार? बाई आल्या की सगळं सांगणार मी, खुर्चीचं शून्य, थांबण्याचं शून्य. पण अजून आल्या नाहीत ना त्या? मग ते दार लोटून घ्या. आणि पुन्हा एकदा सांगा मला. मोटरसायकलवाल्याचं नको. आमच्या ह्यांचं सांगा. मघाशी सांगितलंत तसंच, वेडंवाकडं — सांगा ना हो, डॉक्टर.