तारेवरचे पन्ने

(पुसदजवळच्या तांड्यावरचं अंगण. कपड्यांच्या तारेवर, चिमट्यांनी अडकवलेले पारदर्शक पन्ने वाळताहेत. शाम आणि त्याची आई लालीबाई.)

लालीबाई : सगळेच धुतले. एकही ठेवला नाही.

शाम : पेटीतलेसुद्धा, याडी?

लालीबाई : पेटीतलेच त. सकाळपासून तेच करून राह्यली. पावडरच्या पाण्यात भिजवले, मंग जुन्या ओढणीच्या तुकड्यानं पुसले. अंगातल्या कांचळीवरचे आरसे पुसतो ना आपण, तसे. एक ओरखडा पडू देला नाही.

शाम : कोणी सांगितलं तुला?

लालीबाई : तूच. दिवाळीत तुह्या पिच्चरची गोष्ट सांगितली होती ना, तो जपानचा पोस्टातला बाबू. लढाई चालू, बजारात नवे पन्ने नाहीत. घरी बसून कार्टूनच्या पिच्चरसाठी पन्न्यावर चित्र काढे, फोटो घे, अन् तोच पन्ना धुऊन दुसरं चित्र काढे. लढाईवर बोलावणं येईपर्यंत धूतच राह्यला म्हणे.

शाम : हो. असंच सांगितलं होतं मी.

लालीबाई : अन् परवा तू म्हणाला, पुसदात पन्ने संपले. मले वाटलं, त्या बाबूले धुऊ लागाले कोणी नव्हतं. तुही याडी त आहे ना.

शाम : दोन वर्षांची चित्रं होती ती.

लालीबाई : मले माहीत नाही का? डोळे फोडून घेतले तू त्याच्यापायी. पाणी पहिले निळं झालं, मंग काळं. आंब्याच्या बुडाशी ओतलं. काहून असा पाहून राह्यला?

शाम : काही नाही. किती निर्मळ दिसताहेत उन्हात. जणू त्यांच्यावर कधी कोणी उमटलंच नव्हतं.

लालीबाई : पुस्तकासारखं नको बोलू. रविवारी पाठवाचा आहे ना पिच्चर, नागपूरच्या महोत्सवाले?

शाम : रविवारी. हो.

लालीबाई : मंग बस कामाले. तो पाहा, तुहा दोस्त संघदीप आला गाडीवर. गळ्यात काय लटकवलं त्यानं?

संघदीप : जय भीम, मावशी. शाम, भेटला बाप्पा कॅमेरा. महिनाभर नाहीच म्हणे तो स्टुडिओवाला. उद्या सकाळी वापस पाहिजे त्याले. काढ पेटी, पहिल्या पन्न्यापासून सुरू करू.

लालीबाई : शाम, या पन्न्यांचे फोटो काढून झालते ना रे?

शाम : झालते, याडी.

लालीबाई : मंग कॅमेरा कायले आणला त्यानं?