तिसरी पाटी

शुद्धलेखनाच्या चुका माफ करा, म्हणजे मी वाचून दाखवतोय म्हणून तुम्हाला त्या ऐकू येणार नाहीत, पण कागदावर आहेत, शब्दही साधेच, नववीत शाळा सोडली, आता डोंबिवलीत फ्लेक्सच्या दुकानात वाढदिवसाचे बॅनर करतो... ते जाऊ दे, मला एवढंच सांगा, पाटी तिसरीच का?

तुम्हाला सांगतो, आमच्या मंडळाची एकांकिका अक्षदा बसवतेय, ती जपानी शिकते. तालमीत नोकराचं काम करताना मी धोतरात पाय अडकून पडलो, सगळे हसले, तीही हसली आणि म्हणाली, “केतन, तू अगदी सानमाइमे आहेस.” आता हे कौतुक की अपमान? लाजून विचारलंच नाही, शब्द नुसता लिमलेटच्या गोळीसारखा तोंडात घोळवला. शेवटी चहा देता देता विचारलं. तर म्हणे जुन्या काळी तिकडे काबुकी नाटकाच्या थिएटरबाहेर नटांच्या नावाच्या पाट्या टांगायचे, पहिली मुख्य नटाची, दुसरी देखण्या प्रियकराची, तिसरी हसवणाऱ्याची. सानमाइमे म्हणजे ती तिसरी, अजून तिकडे गमत्या माणसाला तसंच म्हणतात.

“आणि दुसरी?”

“निमाइमे. आपला श्रीपाद.”

आपला? संवाद विसरला की केस मागे सारतो, तो? पण तिसरीच का? पाट्यांचा क्रम लावायचं कोण? आमच्या दुकानात तर यावरून भांडणं, एक काका रोज येणार, “माझा गॉगलवाला फोटो साहेबांना चिकटून घे रे,” मग दुसरे काका रुसणार, तिकडे कुणी रुसत नसेल?

मला फक्त तिच्या मनात आपण कितवे, ते कळायला हवं होतं. आणि नाटकाचा बॅनर आला माझ्याकडेच! छाती करून क्रम लावला, पहिली अक्षदा, दुसरा मी, तिसरा श्रीपाद. पाठवला तिला.

फोन आला. “तू दुसरा?”

“बदलतो लगेच,” मी म्हणालो.

“राहू दे. श्रीपादला निमाइमे म्हटलं, तर त्याने अर्थसुद्धा विचारला नाही. तू पार पाट्यांपर्यंत गेलास.”

काय सांगू तुम्हाला, मी दुकानात उभा होतो तो स्टुलावर बसलो... आणि ती म्हणाली, “फक्त सुरुवातीला आपल्या नगरसेवक भाऊंचा फोटो टाक, हॉल त्यांनीच मिळवून दिलाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं, हात जोडलेल्या भाऊंना पहिल्या जागी घेतलं, बाकीच्यांना एकेक घर सरकवलं आणि बॅनर छापला. अक्षदा अजून माझ्या शेजारीच आहे, पण मोजून बघा... मी कितवा?