मोजलेली माणसं

बहीण : दादा, कपड्यांच्या घड्या राहू दे आता. गाडीवाला तासाभरात निघू म्हणतोय. तुझी बॅग कुठंय?

दादा : आली ती घोड्यावर बसूनच! टेक तरी जरा. एवढा फ्रॉक घडी करून ठेवतो.

बहीण : फ्रॉक? तुझ्या घरात फ्रॉक कुणाचा?

दादा : समोरच्या पोस्टमनच्या नातीचा. तो निळा शर्ट कोपऱ्यावरच्या ड्रायव्हरचा. पायजमा घड्याळवाल्यांचा.

बहीण : ते सगळे कधीच शहरात गेले ना? समोरच्या दाराला हे एवढं कुलूप आहे. मी आत्ता बघितलं.

दादा : गेलेच की. अख्ख्या गल्लीत मी एकटा टेलर उरलो. जाताना सगळ्यांनी किल्ल्या माझ्याकडे टाकल्या आणि जुने कपडेही दिले. सकाळी ज्याच्या त्याच्या गॅलरीत वाळत घालायचे, संध्याकाळी काढायचे. चोराला वाटावं, घर भरलेलं आहे.

बहीण : बरं डोकं चालवलंत सगळ्यांनी. पण पुरे झाली ही राखण. मागच्या महिन्यात चक्कर येऊन पडलास, कुणाला पत्ता नाही. तू फोन उचलेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. आज तुला घेतल्याशिवाय मी हलणार नाही.

दादा : येतोय गं बाई. मलाही आता इथं नको वाटतं. हा फ्रॉक धर हातात. खालची दुमड बघ.

बहीण : उसवलीय.

दादा : मीच उसवली. दोनदा. आखूड व्हायला लागला होता.

बहीण : दोरीवर टांगलेला फ्रॉक आखूड कसा होईल? आटला असेल.

दादा : उभा जन्म कापड कापण्यात गेला माझा. आटलेलं कापड मला कळत नाही होय? पोरगी वाढतेय. आता या शर्टाच्या कॉलरचा वास घे.

बहीण : शी! काहीतरीच काय... दादा, हा घामानं ओला आहे. तू घालतोस?

दादा : माझ्या पोटावर त्याचं एक तरी बटण लागेल का?

बहीण : हसू नकोस असा. मला भीती वाटतेय.

दादा : हसलो नाही तर रडू येतं. आज सकाळी तर कहरच झाला. जनगणनेचा माणूस आला होता. म्हटलं, बिचाऱ्याची फुकट पायपीट नको, सांगून टाकू सगळी घरं बंद आहेत म्हणून. गेलो त्याच्या मागे.

बहीण : मग?

दादा : पोस्टमनच्या दारात उभा राहून तो बोलत होता. माणसं किती, वयं काय, सगळं विचारत होता, मान डोलावत होता. कुलूप तसंच लावलेलं, गं! घड्याळवाल्यांच्या दारात तर 'नको नको, आत्ताच शेजारी पाणी प्यायलो' म्हणाला.

बहीण : वेडाबिडा असेल. तू हाक नाही मारलीस?

दादा : घसा बसेपर्यंत मारली. शेवटी तो आपल्या दारात आला, तेव्हा मी उंबऱ्यातच उभा. त्यानं कडी वाजवली, माझ्या खांद्यावरून आत डोकावला, पुन्हा वाजवली. मग चौकटीवर खडूनं काहीतरी खरडून निघून गेला. जा, वाच.

(ती दारापर्यंत जाते आणि परत येते.)

बहीण : 'इथे कुणी राहत नाही' असं लिहिलंय.

दादा : बाकीच्यांचं मी समजू शकतो. ती माणसं पोटासाठी गेली, जीव इथंच ठेवून गेली. तिकडे कुणी विचारलं तर अजून हेच गाव सांगतात. पण मी तर इथून कधी हललोच नाही. मग मीच कसा नाही?

बहीण : दादा... माझ्याकडेही जनगणनेवाले येऊन गेले. मागच्या आठवड्यात.

दादा : बरं, मग?

बहीण : घरात माणसं किती, म्हणून विचारलं. मी तुझंही नाव सांगितलं. म्हटलं, नाहीतरी आणणारच आहे तुला. तू ऐनवेळी पाय मागे घेतोस, म्हणून आधीच सांगून टाकलं. मायेपोटी केलं रे, देवाशप्पथ.

दादा : मग रडतेस कशाला, वेडे? हे असं आहे होय! चांगलंच केलंस. नाव तिकडे, तर माणूसही तिकडे. चल, निघू या.

बहीण : थांब जरा. खिडकीजवळ तुझ्यासाठी खाट लावलीय, नवी चादर घालून. त्या दिवसापासून रोज सकाळी ती चादर चुरगळलेली असते. उशीला खळगा पडलेला असतो. मी पोरांवर ओरडते, मामाच्या खाटेवर झोपू नका म्हणून. ती रडून सांगतात, आई, आम्ही नाही.

(दादा हातात घेतलेली बॅग खाली ठेवतो.)

बहीण : बॅग का ठेवलीस, दादा?

दादा : मग मी आलो, तर झोपू कुठं?