पाठवणीच्या गाडीची बॅटरी

मी मूळची राहात्याकडची. माझे वडील विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचे, घरात आम्ही पाच लेकरं, त्यांतल्या कोणाच्या तरी हातात टेस्टर द्यायचा तर तो माझ्याच हातात यायचा, कारण मी वस्तू जागेवर ठेवायची आणि बाकीचे हरवायचे. वडील म्हणायचे, ही पोर पक्कड मागितली की पक्कडच देते. एवढंच माझं कौतुक झालं आयुष्यात, पण ते मला पुरलं. बारावी झाले, लग्न होऊन भिंगारला आले, इथं आमच्या ह्यांचं बॅटरीचं दुकान. पुढं ह्यांच्या कमरेचा मणका सरकला, ट्रकची बॅटरी सोडाच, कळशीसुद्धा उचलायची बंदी झाली, तेव्हापासून दुकान मी बघते. नवीन गिऱ्हाईक आलं की विचारतं, मालक कुठंयत, मी म्हणते बोला, ते म्हणतं न्हाई, मालकांशीच बोलायचंय, मी म्हणते मालक त्या खुर्चीत बसलेत, ते मलाच विचारणार आहेत, तुम्ही तुमचा वेळ वाचवा.

माझी एक वही असते. लांबडी, जाड पुठ्ठ्याची. पुढून दुकानाच्या याद्या, उलटी केली की मागून घरच्या. कोणती बॅटरी चार्जिंगला लावली, कोणत्या गाडीचा डायनामो तपासायचा हे पुढून, आणि किराणा, शाळेचे फॉर्म, गौरीचं सामान हे मागून. घरातले हसतात. हसू द्या. तेच लोक मग विचारतात, वहिनी, गॅसचा नंबर कधी लावला होता.

आता बाळूभाऊजी. माझे धाकटे दीर. माणूस वाईट नाही, हे आधीच लिहून घ्या, नाहीतर पुढचं ऐकून तुम्हाला तसं वाटेल. पण काय सांगू तुम्हाला, त्यांना एक काम पुरत नाही. आधी मांडव, मग सोड्याची गाडी, मग वरातीची घोडी, ती घोडी पाथर्डीला नवरदेवासकट भाजीबाजारात घुसली तेव्हा ती विकली, आणि एक दिवस टेम्पोतून मोठमोठी खोकी उतरवली. म्हणलं काय हे? म्हणाले, गाडी आहे. म्हणलं खोक्यात? तर म्हणाले, वहिनी, हा सेट मिळतो, जुन्या काळच्या उघड्या मोटारीची बॉडी, बॉनेट, मडगार्ड, दरवाजे, सगळं फायबरचं, नटबोल्ट पिशवीत, जुन्या जीपची चासी आणि इंजिन आपलं घ्यायचं आणि वर हे जोडायचं, वरातीला घोडीच्या बापाला मागं टाकील. आणि वर म्हणाले, पहिला मान आपल्या वृषालीचा, पुतणीची पाठवणी मी माझ्या गाडीतून करणार.

वृषाली माझी लेक. तिचं पारनेरला ठरलेलं होतं. आता काका एवढ्या हौसेनं म्हणतोय, त्याला नाही कसं म्हणायचं? आमच्या ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, तुम्ही दोघं बघा. हे कायम असंच म्हणतात.

गाडी जोडत आली तेव्हा कळलं की बॅटरीला जागाच नाही. बॉनेट दिसायला हातभर लांब, पण आतून असं निमुळतं की इंजिन बसलं आणि संपलं. सेटबरोबर एक कागद आला होता, त्यात चित्रं होती, बाणही होते, बॅटरीचं नावसुद्धा नव्हतं. तर भाऊजींनी मला न विचारता, दुकान माझं, वहिनी मी, शंभर पावलांवर मी बसलेली, तरी न विचारता बॅटरी मागं डिकीत ठेवली, पुढून मागं एक वायर ओढली आणि अर्थिंगची वायर डिकीच्या भिंतीला बोल्ट मारून बसवली. मग दुकानात आले. वहिनी, बॅटरी मेली काय बघा बरं, गाडी हूं का चूं करीना. मी जाऊन बघितलं. म्हणलं, भाऊजी, ही भिंत कशाची आहे? म्हणाले, फायबरची. म्हणलं, मग तुम्ही प्लास्टिकच्या घमेल्याला अर्थिंग दिलंय.

मग अर्थिंग खालच्या लोखंडी चासीला घेतलं, तर रंगावरच बोल्ट आवळला, रंग खरवडायचा असतो, तो कोणी खरवडायचा? ते झालं तर सेल, म्हणजे गाडीचा स्टार्टर, नुसता कटकट करायला लागला, कारण ओढलेली वायर हेडलाइटची, माझ्या करंगळीएवढीसुद्धा नाही. अहो, बॅटरी इंजिनाजवळ असते तेव्हा वीतभर वायरीत भागतं, ती अख्ख्या गाडीच्या पलीकडं नेली की ताकद वाटेतच जिरते, नळ लांब गेला की धार बारीक होते तसं. हे मी त्यांना सांगितलं तर म्हणाले, वहिनी, तुम्ही शिकवणी लावा. चेष्टेनं.

चेष्टा नाही, भाऊजी, म्हणलं, त्या डिकीच्या फळीला पाठ टेकून माझी लेक बसणार आहे. आणि वही काढली. अंगठ्याएवढी जाड वायर घ्यायची. ती जिथं पत्र्यातून जाईल तिथं भोकाला रबराची कडी, नाहीतर पत्रा वायर कापतो. सायलेन्सरपासून लांब न्यायची. बॅटरीपासून वीतभराच्या आत मोठा फ्यूज, म्हणजे पुढं कुठं वायर टेकली तरी तो जळेल आणि गाडी वाचेल. बॅटरी पट्टीनं आवळायची. लाकडी पेटी करायची. बॅटरी गॅस सोडते, त्या गॅसला बाहेर जायला नळी. असं मी एकेक लिहिलं आणि म्हणलं, यातलं प्रत्येक काम मी डोळ्यांनी बघून बरोबरची खूण करणार, आणि सगळ्या खुणा होईपर्यंत वृषाली त्या गाडीत पाऊल ठेवणार नाही.

महिनाभर हाच तमाशा. आज कडी आणली नाही, उद्या फ्यूज विसरला. जाऊबाई म्हणायची, ताई, आवो ते गाडीपायी जेवायला येईनात, तुमी जरा कमी लिवा ना. म्हणलं, मी कमी लिहिलं तर गाडीला ते कळणार नाही. पण एक मान्य करते, हळूहळू केलं त्यांनी. लग्नाच्या दोन दिवस आधी पेटी आली, सुताराकडून, चांगली जाड प्लायची. मी गाडीखाली आडवी होऊन वायर चाचपली, फ्यूज बघितला, पेटी हलवून बघितली, आणि सगळ्यांवर खुणा केल्या. सुतार झाकण सोमवारी देणार होता. लग्न रविवारी. मी यादीत पेटी लिहिलं होतं, झाकण लिहिलं नव्हतं. पेटी आली, खूण केली. डिकीत दुसरं काय जाणार होतं?

लग्न छान झालं. पाथर्डी रोडचं कार्यालय, जेवणं वेळेत उठली, कोणी रुसलं नाही, व्याही पारनेरचे, साधी शेतकरी माणसं. चारच्या सुमाराला पाठवणीची गडबड. मी आत देणंघेणं आवरत होते, आणि बाहेरून आवाज आला. फाट्. म्हणजे फटाका असतो तसा नाही, कोरडा. आणि मग जाऊबाईची किंकाळी.

धावले. डिकी उघडी, आत पांढरा धूर, आणि पेटीत आडवा होऊन बसलेला तांब्याचा हंडा. रुखवतातला. त्याचा काठ बरोबर बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांवर टेकला होता आणि ठिणग्या अशा उडत होत्या की बघवेना. फ्यूज तिथंच वीतभरावर शाबूत, त्याचा काय उपयोग, वीज त्याच्यापर्यंत जायलाच तयार नव्हती, हंड्यातूनच मारामारी चाललेली. मी ओरडले, हात लावू नका. तोवर बाळूभाऊजींनी डोक्याचा फेटा ओढून हाताला गुंडाळला आणि हंडा उपटून बाहेर फेकला. फेट्याला भोक पडलं, तळहात भाजला, आणि हंडा कार्यालयाच्या पायरीवरून खणखणत खाली गेला.

मी जाऊबाईवर तुटून पडले. म्हणलं, डिकीत भांडी कोणी ठेवली? कोणाच्या डोक्यातली अक्कल ही? ती रडतरडत म्हणाली, ताई, तुमच्याच यादीत हाय. आणि माझीच वही, उलटी धरून, मागचं पान काढून सगळ्यांपुढं तिनं वाचलं. टेम्पोत गाद्या आणि कपाट. रुखवताची भांडी, गाडीच्या डिकीत.

माझंच अक्षर. एकाच वहीत पुढून मी बॅटरी डिकीत ठेवली आणि मागून भांडी डिकीत ठेवली, आणि मधली शंभर कोरी पानं काही बोलली नाहीत. बाळूभाऊजींनी बादली ओढली आणि हात पाण्यात घातला. ते मला चार शब्द बोलले असते तर बरं झालं असतं.

व्याही पुढं आले. ताई, म्हणाले, जाऊ द्या, आमची जीप हाय की, लेकीला तिच्यात बसवू, घोर कशाला. सोपं होतं. कोणीही तेच केलं असतं. पण भाऊजी बोडक्या डोक्यानं, भाजलेला हात बादलीत बुडवून उभे, आणि त्यांच्याकडं मला बघवेना. वृषाली शालू सावरत आली, म्हणाली, आई, तू तपास, तू हो म्हणालीस तर काकाच्या गाडीत बसते, नाही म्हणालीस तर जीपमध्ये. सगळं माझ्यावर. आयुष्यभर सगळ्यांना हेच हवं असतं माझ्याकडून, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की कोणीतरी दुसऱ्यानं ठरवावं.

पदर खोचला. एका टर्मिनलचं शिसं वितळलं होतं, बॅटरीला चीर गेली होती, आतलं ॲसिडचं पाणी पाझरत होतं. ह्यांना म्हणलं, दुकानातून दुसरी बॅटरी आणवा, आणि हे पहिल्यांदाच तुम्ही दोघं बघा न म्हणता उठले, कंबर धरून. फुटकी बॅटरी मी काढली, पेटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं पुसली, वायरी टोकापासून टोकापर्यंत चाचपल्या, नवीन बॅटरी बसवून आवळली. झाकण नव्हतं. इकडंतिकडं बघितलं, तर विधीचा पाट भिंतीशी उभा, ज्याच्यावर वृषाली बसली होती. उचलला, पेटीवर ठेवला, बरोबर बसला, मांडवाच्या दोरीनं करकचून बांधला. गुरुजी म्हणाले, अहो, तो विधीचा पाट आहे. म्हणलं, विधी झाला ना? मग आता काम करू द्या त्याला. डिकीला कुलूप लावलं. भांडी टेम्पोत गाद्यांवर चढवली. भाऊजींना म्हणलं, सेल मारा. डाव्या हातानं चावी फिरवली, पहिल्या दणक्यात गाडी चालू. मी वृषालीला म्हणलं, बस.

या सगळ्यात तासभर गेला. लोक कंटाळले होते, बायकांचं रडणं ऐन वेळी गळाठलं होतं. वृषाली पाया पडायला वाकली आणि उठून माझ्याकडं आली, आणि मी दोन्ही हात वर करून मागं सरकले. माझ्या हाताला ॲसिड होतं. शालूला लागलं असतं तर चाळण झाली असती. ओटी जाऊबाईनं भरली. मी अशी हात वर करून उभी, पोलिसांनी पकडल्यासारखी, आणि गाडी निघून गेली. मग मी नळावर जाऊन हात धुतले आणि तिथंच बराच वेळ उभी राहिले, हात कधीच धुवून झाले होते तरी.

आता बरं चाललंय. बाळूभाऊजींची गाडी दर तिथीला बाहेर असते, बॅटरीला खरं झाकण आलं, कडी-कोयंड्याचं, आणि कोणी डिकीत पिशवी ठेवायला गेलं की ते अंगावर जातात. गिऱ्हाईकांना सांगतात, सगळं डोकं माझं. असू दे त्यांचं. तळहातावर डाग राहिलाय, तो मला दिसतो, मग मी काही बोलत नाही, म्हणजे कमी बोलते.

वृषाली पारनेरला सुखात आहे, सासू मायाळू आहे. लग्नानंतर पहिल्यांदा आली ती घरी न जाता सरळ दुकानातच आली. मी ट्रकच्या बॅटरीत पाणी भरत होते, कोपरापर्यंत हात ॲसिडनं खराब. तिला रिक्षातून उतरताना बघितलं आणि ओरडले, थांब, तिथंच थांब, मला आधी हात धुऊ दे. ती थांबली नाही, येऊन गळ्यात पडली. ओढणीला तेव्हा काही दिसलं नाही, धुतल्यावर तीन भोकं पडली. मी तिला आधीच सांगितलं होतं.